वेगळं मशीन

"दाबा साहेब, मुहूर्त निघून चालला," गिरधरशेठ म्हणाले, आणि प्रमुख पाहुण्यांनी समाजाच्या नव्या साइटचं बटण दाबलं.

मंगल कार्यालयातल्या पांढऱ्या पडद्यावर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग लाल मखमली कोट घातलेली पंधरा माणसं हळूहळू वरून खाली उघडत गेली. आधी डोक्यावरचे तुरे, मग चेहरे, मग सोनेरी झालर, मग हातातली वाद्यं. मध्ये क्लॅरनेट धरून बँडमास्टर उखर्डू उभा. वर मोठ्या अक्षरांत 'न्यू ताप्ती ब्रास बँड, बुऱ्हाणपूर' आणि खाली लग्न, वरात, मिरवणुकीसाठी संपर्काचा फोन नंबर.

सभागृहातल्या माना दाराकडे वळल्या. कारण हीच पंधरा माणसं, हेच कोट घालून, त्या घडीला कार्यालयाच्या दारात उभी होती. पाहुणे आले तेव्हा त्यांनीच वाजवत त्यांना आत आणलं होतं आणि रिवाजाप्रमाणे स्वतः उंबऱ्याबाहेर थांबली होती.

"अरे, ये तो बाहरवाले अंदर आ गए!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या, साइट सांभाळणाऱ्या कमललाही हसू आलं. गिरधरशेठ मात्र हसत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला नव्हता, घट्ट झाला होता, आणि ते पडद्याकडे न बघता कमलकडे बघत होते.

चूक कोणाची म्हणाल तर शेठचीच. गिरधरशेठ केळीचे मोठे आडतदार आणि समाजाच्या 'एकता मंडळा'चे कायमचे अध्यक्ष. समाजाची वधू-वरांची साइट दोन वर्षांपासून कमलच्या मशीनवर, म्हणजे तिच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर होती. आता तिला नवं रूप आणि नवं, भारदस्त नाव द्यायचं ठरलं. नाव एका पंडिताकडून काढून आणलं आणि शेठनी फर्मान काढलं, की मुहूर्ताआधी ते कोणाच्या कानावर जाता कामा नये. बारशाला आत्यानं पाळण्यात कानात सांगेपर्यंत बाळाचं नाव फुटू देत नाहीत, तसं. शेठच्या पुतण्यानं, सुधाकरनं, ते नाव विकत घेतलं, त्याची वाट कमलच्या मशीनकडे वळवून दिली आणि तोंड शिवलं. कमलनं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, "अरे, निदान मला तरी सांग, मशीनमध्ये लिहावं लागतं." तर म्हणे, "वहिनी, मुहूर्तावरच."

आता कमलच्या त्या एका मशीनवर अकरा साइटी नांदत होत्या. वाचनालयाची, दोन शाळांची, एका मावा जलेबीवाल्याची, गावातल्याच लालबागच्या एका डॉक्टरची, अशा. पत्ता सगळ्यांचा एकच, मशीन एकच. बाहेरून कोणी ज्याचं नाव घेईल त्याचं पान मशीन काढून देई. अनोळखी नाव आलं, तर मात्र ते गोंधळून यादीतलं पहिलं पान पुढे करी. यादीत पहिला होता उखर्डू. पहिला, कारण चार वर्षांपूर्वी साइट म्हणजे काय हे गावात कोणाला धड कळत नव्हतं, तेव्हा कमलच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते त्यानं. "ताई, भुसावळच्या मानसाले आमचा बँड दिसला पाहिजे, असं काही व्हते का?" असं त्यानं दारातूनच विचारलं होतं. मुहूर्ताचं नाव मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून मशीननं उखर्डूला पुढे केलं.

हे सगळं सांगायच्या तयारीनंच कमल दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीत बसली होती. शनवारा भागातली ही खोली गिरधरशेठच्याच इमारतीत तळमजल्यावर होती, आणि शेठ वर राहत. ते खाली आले, खुर्ची ओढून बसले, चहा घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"नाव आम्ही सांगितलं नव्हतं, कबूल. ते सोडा," ते म्हणाले. "मला एक सांगा वहिनी. मतलब, आमची साइट आन् त्या उखर्डूची साइट एकाच डब्यात आहे?"

"हो. अकराच्या अकरा ह्यातच आहेत."

"आमच्या समाजाच्या पोरींचे फोटो... आन् ते लोक... एकाच ठिकाणी?"

कमलला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. ती स्वतः शेठच्याच समाजातली. हे बोलणं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, पण ते घरातल्या पाण्याच्या हंड्याबद्दल, ओट्याबद्दल, पंगतीबद्दल. लोखंडाच्या खोक्यात वाऱ्यासारख्या फिरणाऱ्या अक्षरांनाही ते लागू होईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"शेठ, तुमच्या ट्रकमध्ये दापोरा गावची केळी चढते, चांदनी गावची चढते. कोणाच्या शेतातली आहे, कोणी कापली, विचारता का कधी?"

"केळीची गोष्ट वेगळी आहे," शेठ शांतपणे म्हणाले. "केळीला साल असते."

शेठच पुढे बोलले.

"मी काही जुन्या विचारांचा माणूस नाही. उखर्डूच्या बँडशिवाय आमच्या घरचं एक लग्न लागलेलं नाही. पण ज्याची त्याची जागा असते ना? त्याला वेगळ्या मशीनवर टाका. नाही जमत, तर दसऱ्यापर्यंत माझी जागा खाली करा. तुम्ही आपल्यातल्या आहात म्हणून एवढं तरी बोलतोय."

"आणि तुमच्या मंडळाचं नाव एकता," कमल म्हणाली.

"हाव, मीच ठेवलं होतं," शेठ खूश होऊन म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्या दिवशी कमलनं खोलीत एकटीनं किती आदळआपट केली, ते तिलाच माहीत. दुपारी ती वाचनालयात गेली. तिथले मधुकर सर म्हणजे गावातलं शहाणं माणूस, समतेवर तास तास बोलणारं. त्यांनी सगळं ऐकून चष्मा पुसला.

"चूक आहे. शंभर टक्के चूक आहे हे," सर म्हणाले. "पण कमलताई, वाचनालयाचा वरचा मजला शेठनीच बांधून दिलाय. आत्ता कशाला वाद वाढवायचा? तुम्ही वेगळं केलं म्हणून सांगून टाका. त्यांना काय समजतंय?"

शेठचा राग आला होता, पण सरांचा त्याहून जास्त आला. शेठला निदान आपण करतोय त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. ह्या माणसाला शंभर टक्के वाटत होतं आणि तरी तो चष्मा पुसत होता. "सर, पुढच्या भाषणात हेही सांगा," एवढंच बोलून ती बाहेर पडली.

घरी अरविंदनं, तिच्या नवऱ्यानं, तेच सांगितलं आणि वर करूनही टाकलं. अरविंद कापडाच्या दुकानात हिशेब बघायचा. माणूस भला, पण भांडणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. संध्याकाळी तो एका दुरुस्तीवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरचा रिकामा खोका घेऊन आला. त्यात एक हिरवा दिवा बसवला, एक छोटा पंखा बसवला आणि वायर काढून प्लगमध्ये खुपसली. दिवा लागला, पंखा घरघरायला लागला. पुढे त्यानं सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'न्यू ताप्ती'.

"झालं," तो हात झटकत म्हणाला. "उखर्डूची साइट आहे तिथंच राहते, त्याचं नुकसान नाही. शेठला वाटेल वेगळी झाली. तुझी खोली राहते, लाइन राहते. सांग बरं कमल, कोणाचं काय गेलं?"

कोणाचं काय गेलं, हे कमलला सांगता येईना. काहीतरी गेलं होतं एवढं नक्की. पण ब्रॉडबँडची लाइन त्या खोलीत आणायला तिनं टेलिफोन ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. खोली गेली की लाइन जाणार, लाइन गेली की अकराही साइटी जाणार आणि चार वर्षांत उभं केलेलं सगळं आडवं होणार. तिनं दातओठ खाल्ले आणि गप्प बसली. यादीतलं उखर्डूचं पहिलं नाव मात्र तिनं हलवलं नाही. अरविंद म्हणाला, ते तरी खाली घे. ती म्हणाली, हात लावलास तर बघ.

खोका स्टुलावर ठेवला होता. शेठ बघायला आले. हिरवा दिवा बघून समाधान पावले. मग त्यांनी पायानं स्टूल आणखी थोडं दाराकडे सरकवलं, जिथं लोक चपला काढायचे तिथं. "आता बरोबर," ते म्हणाले. कमल खिडकीबाहेर बघत राहिली, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर हातातला कप त्यांच्या डोक्यात गेला असता.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दारात माणसं आली. उखर्डू, त्याची बायको भागाबाई आणि बँडमधले चौघं जण. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे, कपाळाला गंध. ताप्तीपलीकडच्या जैनाबादला घरी वाद्यांची पूजा आटोपून ते पूल ओलांडून थेट इथं आले होते. भागाबाईच्या हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पाण्याचा तांब्या. बगलेत कापडाची घडी.

"ताई, दसऱ्याच्या दिवशी मशीनची पूजा कराले आलो," उखर्डू म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "अरविंदभाऊ भेटले व्हते बाजारात. म्हने, तुमाले तुमचं सोताचं मशीन भेटलं आता. एकदम स्वतंत्र. मी म्हनलं, इतके मोठमोठे लोक हायेत ताईकडं, आन् येगळं मशीन आमालेच?"

अरविंद सांगून बसला होता! वाईट वाटू नये म्हणून, गोड करून.

"हे पाहा ना," भागाबाईनं घडी उलगडली. "कोटाचं कापड उरलं व्हतं. म्हनलं मशीनले धूळ नको लागाले. तुमच्या दारावरून जाता जाता खिडकीतून पाह्यलं आन् अंदाजानं शिवलं." लाल मखमलीची खोळ होती ती. खालून सोनेरी झालर, तीच कोटाची.

"हेच ना वं बाई आमचं?" चिठ्ठीवरचं नाव भागाबाईला वाचता येत नव्हतं, पण बँडच्या पाटीवरची अक्षरं तिच्या ओळखीची होती. स्टुलाभोवती चपला पडल्या होत्या. ती खाली बसली, एकेक चप्पल हातानं उचलून बाजूला ठेवली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि पदर डोक्यावर घेतला. उखर्डूनं खोक्याजवळ कान नेला आणि डोळे मिटून त्या पंख्याची घरघर ऐकली.

"आवाज बी गोड हाय," तो आपल्या माणसांना म्हणाला.

भागाबाईनं अंगठा कुंकवात बुडवला. आणि कमलला एकदम कळलं, कोणाचं काय गेलं ते. तिला शेठचा राग आला, सरांचा आला, अरविंदचा आला, आणि सगळ्यांच्या वर स्वतःचा आला, असा की डोळ्यांसमोर लाल झालं.

"थांबा!" ती ओरडली. तिनं वायर हिसकली. दिवा विझला, घरघर थांबली. "उखर्डूभाऊ, तो खोका रिकामा आहे. नुसता दिवा आणि पंखा आहे आत. तुमची साइट पहिल्यापासून आहे तिथंच आहे, ह्या मोठ्या मशीनवर, सगळ्यांच्या सोबत. हे फक्त शेठना दाखवायला ठेवलंय."

"काहून पन?" चौघांतला तरुण होता त्यानं विचारलं.

उखर्डूनं नाही विचारलं. त्याला विचारायची गरज पडली नाही. चेहऱ्यावरचं फुललेपण मात्र एका क्षणात गेलं आणि त्या जागी असं काही आलं, की ते त्याच्या चेहऱ्याला नवं नव्हतं. तो खोक्याकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "आमी शाळेत व्हतो तव्हा आमचा माठ येगळा राहे. पर त्यात पानी राहे."

टोचायला म्हणाला नव्हता तो. आठवलं तसं बोलला होता. कमलला वाटलं, ह्यापेक्षा ह्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं, भाऊ. मी ठेवू द्यायला नको होता."

भागाबाई ताट घेऊन उठून उभी राहिली, अंगठ्याला कुंकू. "मंग आता पूजा कोनाची करू?" तिनं विचारलं.

"ह्याची." कमलनं कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मशीनकडे बोट केलं.

भागाबाई टेबलाकडे गेली आणि हातभर अंतरावर थबकली. "पर ह्याच्यात त्याहीचं बी हाय ना?" ती हळूच म्हणाली. "शेठच्या लोकायचं? मी हात लावला तं चालते का?"

"लावा!" कमलचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा फुलवाला वळून बघायला लागला. "लावा भागाबाई! पहिलं नाव तुमचं आहे ह्याच्यात! दोन्ही हातांनी लावा!"

भागाबाईनं कुंकवाचं बोट लावलं, हळद वाहिली, झेंडूचा हार घातला. उखर्डूनं उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आवाज ऐकून गिरधरशेठ खाली आले होते, नवा सदरा, मुठीत सोनं म्हणून वाटायची आपट्याची पानं. दारातच ते थांबले. त्यांनी मशीनवरचं कुंकू बघितलं, मग भागाबाईला, मग कमलला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"पूजा. दसरा आहे."

"आपलं ठरलं होतं. वेगळं मशीन..."

"आहे ना वेगळं मशीन!" कमलनं स्टुलावरचा खोका दोन्ही हातांनी उचलला आणि शेठच्या हातांत कोंबला. पानं खाली विखुरली. "हे घ्या. आख्खं तुमच्या मंडळाला. ह्यात कोणी नाही. कोणाची सावली नाही, कोणाचा फोटो नाही, कुंकूसुद्धा लागलेलं नाही अजून. तुम्हाला पाहिजे तसं स्वच्छ आहे. करा ह्याच्यात एकता!"

शेठच्या हातांना खोक्याचं वजन कळलं. त्यांनी तो हलवला, आतला पंखा खुळखुळला. त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"दसऱ्यापर्यंत सांगितलं होतं," ते म्हणाले. "आज दसरा आहे. संध्याकाळच्या आत खाली करा."

"दुपारीच करते," कमल म्हणाली.

अरविंद आला. बघून त्याला कळलं. तो उखर्डूला काहीतरी बोलायला गेला, शब्द जुळेनात, तेव्हा गुडघ्यावर बसून टेबलाखालच्या वायरी सोडवायला लागला. एक सोडवताना त्याचा हात थांबला, तेव्हा उखर्डू पलीकडून खाली बसला आणि दुसरं टोक धरलं.

एकता मंडळाची साइट आठवड्याभरात इंदूरच्या एका कंपनीकडे गेली. शेठ आडतीवर सांगत होते, तिथं सगळं वेगळं आणि चोख असतं. त्या कंपनीच्या एकेका मशीनवर चारचारशे साइटी असतात, कोणाकोणाच्या, ते देवालाही ठाऊक नाही. कमलनं त्यांना हे सांगितलं नाही. वाचनालय गेलं, डॉक्टर गेले, शाळा गेल्या. मधुकर सरांनी "नाइलाज आहे" अशी चिठ्ठी पाठवली.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी मशीन बंद करायची वेळ आली. चार वर्षांत ते कधी बंद झालं नव्हतं. घरात लग्नं झाली, सासू गेली, तरी चालू होतं. कमलनं बटण दाबलं. दिवे एकेक करून गेले, आणि खोली इतकी शांत झाली की बाहेरची सायकलची घंटीसुद्धा मोठी वाटली. नवी जागा कुठं, लाइन कधी मिळणार, मिळेल की नाही, काहीच ठरलं नव्हतं. मशीन तोवर जैनाबादला उखर्डूच्या घरी, वाद्यांच्या खोलीत राहणार होतं. बँडची दिव्यांची हातगाडी दारात उभी होती.

"तुमची साइट बंद राहील काही दिवस," कमल उखर्डूला म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"राहू द्या ताई. वाजवनं तं बंद नाही ना."

चौघांनी मशीन उचलून गाडीवर ठेवलं. भागाबाई खोळ घेऊन पुढे आली. सकाळी ती घालायला गेली तेव्हा कमलनंच अडवलं होतं. चालू मशीन झाकलं तर तापतं, असं समजावलं होतं.

"आता घालू का?" तिनं विचारलं.

कमलनं मशीनवर तळहात ठेवून बघितला. गार पडत चाललं होतं.

"घाला."

खोळ रिकाम्या खोक्याच्या मापानं शिवलेली होती. मोठ्या मशीनला ती तोकडी पडली. भागाबाईनं ओढून ओढून बसवली, तरी खाली चार बोटं लोखंड उघडं राहिलं आणि सोनेरी झालरीखालून कुंकवाचं बोट दिसत राहिलं. उखर्डूनं गाडीचा दांडा उचलला. कमलनं मागून हात लावला आणि गाडी पुलाकडे निघाली.